घरटी दोन पायल्या

आम्ही नऊ सख्खी-चुलत भावंडं दिवाळीला गावी, बेंबळीत जमलो की एका गोष्टीवरून भांडण ठरलेलं. शाळेच्या खोलीसाठी बाप्पांनी पेव उघडलं, त्या दिवशी कंदील कुणी धरला होता?

थोरली अक्का म्हणते, मी. ती 1958 ची, तेव्हा चौदा वर्षांची, त्यामुळं तिच्या म्हणण्याला वजन. तिच्या पाठचा म्हणतो, पोरीला पेवाच्या तोंडाशी कोण उभं करणार, कंदील माझ्याच हातात होता. धाकटा 1971 च्या पावसाळ्यातला. तोही "मला अंधुक आठवतंय" म्हणतो आणि त्याला सगळे मिळून गप्प करतात. मी मधला. मला कंदील आठवत नाही. अंगावरची टोचणारी घोंगडी आठवते आणि वास आठवतो.

पेव म्हणजे काय हे आता आमच्या नातवंडांना कागदावर चित्र काढून सांगावं लागतं. वाड्याच्या अंगणात खोल खणलेला खड्डा, तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढा आणि पोटात फुगलेला. आतून कडब्याचं नि भुसकटाचं अस्तर. सुगी झाली की ज्वारी ओतायची, तोंडावर फरशी, फरशीवर माती. उघडताना घाई चालत नसे. फरशी सरकवली की आतून ऊन, कोंदट, आंबूस वाफ वर येई. तोंड दिवसभर तसंच उघडं ठेवायचं. मग दोरीनं कंदील आत सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. जळत राहिला तर एकजण उतरे आणि टोपल्या वर येऊ लागत. मधली ज्वारी बरी, कडेची काळपट. त्या काळपट ज्वारीच्या भाकरीलाही तोच वास असायचा. आज ती भाकर ताटात पडली तर आमच्यातले सातजण ताट सरकवतील, पण आठवण निघाली की नऊच्या नऊ जणांची नाकं वर होतात.

बाप्पा म्हणजे आमचे आजोबा. निजामाच्या राज्यात चावडीतल्या शाळेत चार बुकं शिकलेले. मोडी वळणदार लिहीत, उर्दू अडखळत वाचत आणि तहसीलच्या कागदावर सही करायची वेळ आली की पागोटं सारखं करून बसत. त्यांच्या बोलण्यात हिप्परग्याचं नाव सारखं येई. लोहाऱ्याकडच्या त्या हिप्परगा गावात 1921 साली लोकांनी आपल्या पैशानं राष्ट्रीय शाळा काढली आणि पुढं स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक होते, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं की हिप्परगा हे कुठल्या तरी देवस्थानाचं नाव असावं असं मला बरीच वर्षं वाटत होतं. सरकारची शाळा नोकरीपुरती माणसं करते, लोकांची शाळा माणसं करते, असं काहीसं ते म्हणत. पुढं 1962 च्या 1 मेला जिल्हा परिषद आली, गावोगावच्या प्राथमिक शाळा तिच्याकडं आल्या आणि बाप्पांचा हा भेद विरघळून गेला. शेतसाऱ्याच्या रुपयामागं वीस पैसे जिल्हा परिषदेचा उपकर भरताना ते तलाठ्याला दरवर्षी विचारत, "ह्यातले शाळेचे किती?" तलाठी हसे. तरी पुढच्या वर्षी प्रश्न तयार असे.

आमच्या वेळी शाळेला पट होता, खोल्या नव्हत्या. आजूबाजूच्या वस्त्यांवरची लेकरं बेंबळीला येत. एका खोलीत दोन वर्ग एकमेकांकडं पाठ करून बसत, एक देवळाच्या ओसरीत, एक लिंबाखाली. लिंबाखालचा वर्ग सगळ्यांना आवडे, कारण पाऊस आला की सुट्टी. तिसरीचे पाढे आणि चौथीचा इतिहास एकाच भिंतीला आपटून परत येत, त्यामुळं अफझलखानाचा वध आणि सतराचा पाढा आम्हा काहीजणांच्या डोक्यात अजून एकत्रच राहतात. एका पाडव्याला गावातली चार जाणती माणसं बसली आणि ठरलं, खोली बांधायची. दगड गावचा, चुना विकत, लाकूड जमेल तसं. वर्गणी घरटी दोन पायल्या ज्वारी. ज्याला जमेल त्यानं पोतं द्यावं. ज्याच्याकडं ज्वारी नाही त्यानं तीन दिवस अंगमेहनत करावी. हिशोबाची वही बाप्पांकडं.

त्या बैठकीचं बाकी काही आमच्या कानावर आलं नाही, आत्याचं तेवढं आलं. आत्या बाप्पांची धाकटी लेक. लग्नानंतर दोन वर्षांतच कपाळ पांढरं झालं, मूलबाळ नाही, माहेरी परतली आणि वाड्याच्या मागच्या खणात वेगळी चूल मांडून राहिली. मजुरीला जाई, भावांच्या ताटातलं खायचं नाही हा तिचा बाणा. वर्गणी मागायला आलेल्यांनी तिचं दार सोडून दिलं. ती ओसरीत येऊन उभी राहिली.

"माझं घर दिसालं न्हाई का?"

"अगं, तुला कुठं लेकरू हाय शाळंत?"

"मारुतीच्या देवळावर पत्रं टाकलं तवा इचारलं व्हतं का, तुझा नवस हाय का म्हनून?"

पुढं कुणी बोललं नाही. एवढंच आम्हाला माहीत, तेही मोठीआईच्या, म्हणजे आमच्या आजीच्या तोंडून. मोठीआईला गोष्ट रंगवायची सवय होती, हे इथं सांगून ठेवलं पाहिजे.

आता स्मरणरंजनाची एक खोड. ते लिहिणाऱ्याला सगळं शेणानं सारवलेलं नि रांगोळी काढलेलं दिसतं. सारवत कोण होतं? दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी मुली. अक्का आणि तिच्या वर्गातल्या पोरी पाटीत शेण कालवून जमीन सारवत, आणि आम्ही मुलगे, आमच्यावर फार मोठी जबाबदारी असल्यासारखे, आडावरून दोन घागरी पाणी आणून बाहेर विटीदांडू खेळत. अक्काला चौथीनंतर घरी बसवलं ते पैशावाचून नव्हे. पाचवीचा वर्ग दूर नव्हता. घरात सहा लहान लेकरं होती, ती सांभाळायला कुणीतरी लागत होतं. आम्ही आठजण पुढं शिकलो ते तिच्या कडेवर बसून. हे ती कधी बोलून दाखवत नाही, कंदिलाचा हट्ट मात्र सोडत नाही.

दुसरी गोष्ट वहीची. त्या वहीत रकाने दोन होते, धान्य आणि रोख. ज्या वस्तीतल्या माणसांनी तीन-तीन दिवस दगड वाहिले त्यांच्यासाठी रकानाच आखलेला नव्हता. त्यांची लेकरंही त्याच खोलीत बसणार होती, बसलीही, पण वर्गणीदार म्हणून कुणी त्यांचं नाव लिहिलं नाही. बाप्पा हिप्परग्याच्या गोष्टी सांगणारे, तरी त्यांनीही नाही. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगाला लिहून दिलं होतं की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाकडं वाहतो. किमान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असंही त्यात होतं. ते निवेदन मी फार उशिरा वाचलं. वाचताना मला पुणे-मुंबई दिसली नाही, बाप्पांच्या वहीतली ती न मारलेली रेघ दिसली.

बहात्तरचा पाऊस आलाच नाही. आदल्या वर्षीही तो धड नव्हता. खोली खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत आली होती, तिथं थांबली. गाव खडी फोडायला गेलं. बाप्पांचे लेक, अण्णा आणि तात्या, पाझर तलावाच्या कामावर. सरळ ओळीत शेकडो माणसं, मुकादमाच्या हातात हजेरीपट. आम्ही अर्धवट भिंतींच्या आत घर-घर खेळत असू. छप्पर नसलेल्या त्या खोलीतच सुकडी वाटली जाई. गूळ नि पिठाचा तो खरपूस भुगा ओंजळीत घ्यायचा, एक बोट चाटायचं आणि उरलेला घरी न्यायचा, कारण घरी धाकटा होता. रेशनवर लाल मिलो मिळे. त्याची भाकर थापता येत नाही म्हणून मोठीआई अमेरिकेला अस्सल बेंबळीच्या शिव्या देई. त्या शिव्या आम्हाला नऊजणांना तोंडपाठ आहेत, पण त्या इथं छापता यायच्या नाहीत.

चौऱ्याहत्तरला खोली पुरी झाली. मी पाचवीला त्याच खोलीत बसलो. भिंत दीड हात रुंदीची, उन्हाळ्यात गार. खिडकीच्या कट्ट्यावर बसायला मिळावं म्हणून आम्ही लवकर जात असू. आपल्या घरच्या ज्वारीचा दगड कोणता यावर मधल्या सुट्टीत वाद होत. दाराच्या उजव्या अंगाचा मोठा काळा दगड आमचा, असं आम्ही भावंडांनी ठरवून टाकलं होतं आणि दुसऱ्या घरच्या पोरांना त्याला टेकू देत नव्हतो.

मग आम्ही पांगलो. 1982 ला लातूर वेगळा जिल्हा झाला आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या भागातल्या प्रत्येक घरात लातूर पॅटर्न हा शब्द शिरला. आमच्या मुलांपर्यंत तर बेंबळीची शाळा ही फक्त सुट्टीत दाखवायची वस्तू झाली. दोघं लातूरला, दोघं सोलापूरला, एकजण पुण्याला, आणि सगळ्यांची लेकरं इंग्रजी माध्यमात. घरातून शिक्षणावर जाणारा पैसा कितीतरी पटींनी वाढला. त्याचं नाव मात्र बदललं. आधी वर्गणी होती, आता फी. फीच्या पावतीवर आपल्याच लेकराचं नाव असतं. मला हे समजायला स्वतःच्या नातीच्या प्रवेशाची रांग लागली, आणि त्या रांगेत मी हे शेजारच्या गृहस्थांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं फॉर्म संपले का असं विचारलं.

1993 चा भूकंप झाला त्या रात्री गणपती बोळवून माणसं झोपली होती. 30 सप्टेंबर, पहाटे चार वाजायला चार मिनिटं. किल्लारी, सास्तूर तिकडं माळवदाच्या घरांनी माणसं गिळली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर हातभर मातीचं ओझं. आमचंही माळवदच. आमच्याकडं जीव वाचले, पण मधल्या खणाच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली आणि बाप्पांचं पेव आतून ढासळलं. ते नंतर मुरूम टाकून बुजवलं. बाप्पा तेव्हा नव्हते. कितीतरी दिवस घरात कुणी झोपत नसे, लेकरं उघड्यावर शिकत, आणि दीड हात रुंदीच्या भिंतीचा गारवा एकाएकी कुणाला नकोसा झाला.

30 सप्टेंबर ही तारीख आमच्या चुलत भावाच्या तोंडी वेगळ्याच कारणानं असते. तो आमच्यातला एकटा जिल्हा परिषदेच्या शाळेत राहिला, दुसऱ्या तालुक्यात. दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला. आम्ही त्याला नावानं हाक मारायचं सोडलं, गुरुजीच म्हणतो. गेल्या दिवाळीत बेंबळीतून संध्याकाळी फिरताना विषय निघाला. गाव ओळखू येत नव्हतं. पोलीस ठाणं, बँका, रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाळे, जिथं आमचा कडबा रचलेला असे तिथं प्लॉटच्या खुणेचे पांढरे दगड. आसपासच्या खेड्यांतून माणूस इथं राहायला येतो. केशेगावचा साखर कारखाना सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, पालं पडतात, पालांत लेकरं.

"हितली शाळा किती वाढली असंल रं?" अक्कानं विचारलं.

गुरुजी म्हणाले, "अक्का, शाळा वाढत न्हाई. पट वाढतो."

आणि मग ते सुटलेच. शिक्षक किती मिळणार ते संचमान्यतेत ठरतं. ती होते 30 सप्टेंबरच्या पटावर. टोळ्या येतात दसरा-दिवाळीनंतर. म्हणजे हंगामात जी लेकरं येऊन बसतात ती त्या वर्षीच्या मोजणीत नसतातच. वर्गात मात्र असतात. शिक्षण हक्काचा कायदा 2010 च्या 1 एप्रिलला लागू झाला. त्यात प्राथमिकला तीस मुलांमागं एक शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकामागं एक वर्गखोली लिहून ठेवली आहे. जुनी खोली धोकादायक झाली की तिचं निर्लेखन करावं लागतं. प्रस्ताव, मोजमाप, मंजुरी, मग पाडकाम. पाडायची मंजुरी एका टेबलावरून येते, नवी बांधायची दुसऱ्या. पहिली आधी आली की लेकरं परत लिंबाखाली. गुरुजींच्या एका शाळेत, तिचं नाव ते घेत नाहीत, तीन वर्षं असंच चाललं. "आपल्या वेळचा लिंब तरी मोठा व्हता," ते म्हणाले.

मला सगळ्यात लागलं ते अनुदानाचं गणित. आधी सादिल म्हणून जे काय थोडकं मिळे ते खडू-डस्टर, झाडू, वीजबिल यात जाई. 2018 ला समग्र शिक्षा आल्यापासून पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदानाचे टप्पे आहेत. शंभराच्या वर अडीचशेपर्यंत पट असेल तर वर्षाला पन्नास हजारांपर्यंत, अडीचशेच्या वर हजारापर्यंत पाऊण लाख. गुरुजींनी ओट्यावर बसून बोटानं धुळीत आकडे काढले. "शाळंत दोनशे साठ लेकरं असू द्या न्हाईतर नऊशे साठ, रक्कम तीच. त्यातले धा टक्के स्वच्छतेला. ऱ्हायलेल्यात वर्षभराचं बिल, दुरुस्ती, कागद. आता वाढतं गाव काय करतं ते इचारा."

वाढतं गाव वर्गणी काढतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांच्या भिंती लोकवर्गणीनं रंगल्या, टीव्ही आले, बाक आले. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीचं नाव तर सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं. लोकांनी जमीन दिली, पैसा उभा केला आणि जिल्हा परिषदेची शाळा बघायला गाड्या भरून माणसं जाऊ लागली. आमचा पुण्याचा भाऊ हेच उदाहरण घेऊन बसला. गावानं मनावर घेतलं पाहिजे, सरकारच्या तोंडाकडं किती बघायचं?

गुरुजी त्याच्यावर उखडले. वाबळेवाडीच्या लोकांनी केलं ते मोठंच, पण शिरूरला रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. आमच्याकडं सोयाबीनला भाव नाही त्या वर्षी लेकराच्या वहीला पैसे नसतात, वर्गणी कुठली? ज्या गावाकडं आहे त्याची शाळा चकचकीत आणि ज्याच्याकडं नाही त्याची गळकी, असं व्हायचं असेल तर जिल्हा परिषद नि उपकर कशाला पाहिजे होता? प्राप्तिकरावर 2004 पासून शिक्षणाचा अधिभार कापतात, आधी दोन टक्के, आता आरोग्यासकट चार. "तू पगारातून भरतोस न्हवं? मग तुझ्या बाप्पांसारखं इचार की तलाठ्याला, ह्यातले शाळेचे किती!"

पुण्याचा भाऊ म्हणाला, बाप्पांनी विचारलंही आणि पेवही उघडलं. आपण दोन्हीतलं काय केलं?

यावर सगळे गप्प झाले आणि मग, घरात असं झालं की होतं तसं, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघाला. शाळेला काय पाहिजे ते विचारायचं, नऊ घरांनी मिळून द्यायचं. कुणाला पंखे सुचले, कुणाला पाण्याची टाकी, एकाला बाप्पांच्या नावाची संगमरवरी पाटी. पाटीवरून दोन दिवस खल झाला. पाटी असेल तर मी देणार नाही, असं गुरुजींनी लिहिलं आणि ते ग्रुपमधून बाहेर पडले. त्यांना परत आत घ्यायला अक्काच्या नातीला मध्यस्थी करावी लागली.

वही सापडली ती याच गडबडीत. तात्यांच्या ट्रंकेत, जुन्या सातबाऱ्यांच्या खाली. कापडी बांधणीची, लाल, कडेला कसर लागलेली. "शाळा खोली, बेंबळी" असं बाळबोधीत, आत सगळं मोडी. नऊजणांत मोडी कुणालाच येत नाही. बाप्पांचं मोडी वाचता येणारं घरात एकच माणूस उरलंय, आत्या. वय नव्वदीकडं झुकलेलं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. तिला बाप्पांनी वाचण्यापुरतं शिकवलं होतं. आम्ही तिला ओसरीत बसवलं, भिंग दिलं आणि भोवती बसलो, कुणीतरी मोबाइलवर चित्रण सुरू केलं.

ती नावं वाचत गेली. घर, ज्वारी, पायल्या, जमा. घर, रोख, सव्वा रुपया, जमा. काही नावांवर थांबून हसत होती. मग स्वतःचं नाव आलं. ज्वारी, पायल्या दोन, जमा. तिनं ते असं वाचलं की जणू दुसऱ्याच कुणाचं आहे, आणि बोट खाली सरकवलं. पुढची ओळ आमच्या घराची होती. ज्वारी, पायल्या दोन.

ती थांबली. भिंग जवळ नेलं, लांब नेलं.

"बाकी," ती म्हणाली.

"काय बाकी?"

"जमा न्हाई. बाकी लिवलंय. बाप्पाच्याच हातचं."

पुण्याचा भाऊ म्हणाला, असं कसं, पेव उघडलं होतं की शाळेसाठी. आम्ही सगळ्यांनी बघितलंय. टोपल्या वर आल्या, वास आला, थंडी होती.

आत्यानं वही मिटून मांडीवर ठेवली. "थंडी व्हती न्हवं? वर्गणी पाडव्याची. ते पेव उघडलं तवा दुष्काळ पडला व्हता. शेवटचं पेव. बाप्पा तुमाला म्हनले शाळंसाठी हाय, कारन तुमी गावभर सांगितलं असतं की ह्यांच्या घरी ज्वारी हाय. शाळंची म्हनल्यावर कुनी मागायला येत न्हाई. खाल्ली की तुमीच. वास येतूय म्हनून रडत रडत खाल्ली."

कुणी काही बोललं नाही. मग गुरुजींनी सवयीनं विचारलं, दोन पायल्यांची आजची किंमत किती, आणि पन्नास वर्षांचं व्याज सरळ धरायचं की चक्रवाढ. धाकटा म्हणाला, दुष्काळात व्याजाला माफी असते. त्यावर पुन्हा जुंपली. तेवढ्यात अक्कानं आत्याच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "पर आत्या, कंदील कुनी धरला व्हता गं?"

"मी," आत्या म्हणाली. "तुमी समदे झोपला व्हता."